सासूबाईंचं पोट

सासूबाई संडासात गेल्या की आमच्या घरात सगळे हळू आवाजात बोलत. तसा नियम कुणी केला नव्हता, पण पाळला मात्र काटेकोर जाई. रेडिओ बंद, मिक्सर बंद. माझा नवरा श्रेणिक तोंडात ब्रश धरून परसात ताटकळत उभा असे आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता कान तिकडं लावून बसे. त्या दिवशीही तेच चाललं होतं. बऱ्याच वेळानं कडी वाजली आणि आक्का भिंतीला धरत बाहेर आल्या. चेहरा घामानं डबडबलेला, ओठ पांढरेफटक.

"झालं का?" मी विचारलं.

"कुठलं गं," म्हणत त्या पायरीवरच टेकल्या. "जीव जायची येळ आली, पर पोट काय हलंना."

सगळं गाव त्यांना आक्का म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. जयसिंगपूरजवळचं नदीकाठचं आमचं गाव, निम्मी वस्ती जैनांची, आणि त्या वस्तीत आक्कांच्या नेमधर्माचा दबदबा मोठा. दिवस मावळला की पाण्याचा घोट नाही. कांदा, बटाटा, कुठलाच कंद नाही. चातुर्मासात पालेभाजी नाही. पाणी उकळलेलं, आणि तेही दोन घोट. हे सगळं त्या मनापासून करत, त्यात दिखाऊपणा नव्हता, एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण पोटाला नेमधर्म कळत नाही. भाजी गेली, पाणी आटलं आणि पोट रुसून बसलं. त्रिफळा झाला, इसबगोल झालं, त्यानं पोट ढोलासारखं फुगलं. एरंडेल घेतलं, तर बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पूजा अर्धी टाकून त्यांना घराकडं पळत यावं लागलं. तेव्हापासून एरंडेलाचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे.

त्या वर्षी गावात सुविधिमती माताजींचा, म्हणजे आमच्या जैन साध्वींचा, चातुर्मासाचा मुक्काम होता. पर्युषण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी, साऱ्या समाजापुढं, माताजींच्या हातून आक्का आजन्म पाळायचं व्रत घेणार होत्या. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी, कुसूमकाकींनी, ते आदल्या वर्षीच घेतलं होतं. तेव्हापासून काकी बस्तीत पुढं बसत आणि बोलतही जरा वरच्या पट्टीत.

"कुसूमबाई आता मला 'बाळ' म्हणत्यात," आक्का हसत सांगायच्या. "दोन वर्सांनी थोरली हाय फकस्त!" हसायच्या खऱ्या, पण ते त्यांना आत लागलं होतं.

शेवटी मीच हट्टानं त्यांना सांगलीला डॉक्टरांकडं नेलं. माझं माहेर सांगलीचं, डॉक्टर ओळखीचे, म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी पोट दाबून बघितलं, तपासण्या करून घेतल्या. काही वावगं निघालं नाही. भरपूर पाणी प्या, चाला, पालेभाजी खा, असं त्यांनी सांगितलं, आणि आक्कांनी नुसती मान डोलावली.

"इसबगोल सोसत नाही म्हणताय, तर ही एक पावडर देतो," डॉक्टर म्हणाले. "काहींना फरक पडतो, काहींना नाही. महिनाभर घेऊन बघा."

"काय असतंय ह्यात?" आक्कांनी विचारलं. तोंडात घालायच्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न हाच असे.

"पोटाला मदत करणारे जंतू असतात, आजी. चांगले जंतू."

"मेल्याले?"

"छे हो, जिवंत! मेलेले घेऊन काय उपयोग?" डॉक्टर हसले.

आक्कांनी पदर सावरला आणि त्या उठल्या. "मग नको."

"अहो, दही खाता की तुम्ही. त्यातही असतातच."

"दह्याला मर्यादा असती. आज लावलं, उद्या संपलं. असले कोटीनं जीव पुडीत भरून ठिवायचे नि आपलं पोट साफ व्हावं म्हणून गिळायचे, हे आमच्यात बसत न्हाई, डॉक्टर."

एसटीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मी एकदा म्हटलं, "आक्का, औषध म्हणून घ्यायला..." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत सरकवली.

पुढचे दिवस वाईट गेले. आक्कांना रक्त पडू लागलं. जेवण ताटात तसंच राहू लागलं. आणि मग एका सकाळी दाराआडून हाक आली.

"त्रिशला."

"काय आक्का?"

"कोण कोण हाय तितं?"

"मी एकटीच आहे. हे मळ्यात गेलेत."

मग अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "ती डॉक्टरची पुडी आणता येईल का गं?"

"आक्का, पण त्यात..."

"मला ठाव हाय काय हाय त्यात. तितंच बसले हुते की मी. आण. श्रेणिकला सांग आणायला. दुसऱ्या कुणाला कळायला नगं."

दाराच्या अलीकडं मी, पलीकडं त्या. समोरासमोर हे त्यांना बोलता आलं नसतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या आवाजात किती दुखणं साठलं होतं ते मला कळलं.

श्रेणिकला सांगितलं, तर तो बघतच राहिला. "आईनं मागितली? आमच्या आईनं?" दुसऱ्या दिवशी त्यानं त्या चिठ्ठीवरून जयसिंगपूरहून पुड्यांचा खोका आणून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "हे तुमचं सासू-सुनेचं खातं. मला त्यात ओढू नका." तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

खोका मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला. रोज सकाळी उकळून निवलेल्या पाण्यात पुडी ढवळायची आणि आक्कांना द्यायची. एक अट मी घातली होती, पाणी तांब्याभर प्यायचं, घोटभर नाही. पुडीनं गुण दिला की त्या तांब्याभर पाण्यानं, कोण जाणे. पण गुण आला. एके दिवशी कडी लवकर वाजली आणि आक्का ताठ चालत बाहेर आल्या.

"त्रिशला," त्या मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "आज पेढं वाटावं वाटायलंय बग!"

आम्ही दोघी पदर तोंडात धरून हसलो. हसू आवरेना. श्रेणिक परसातून विचारत राहिला, "काय झालं? मला तरी सांगा की!"

त्यानंतर त्या माझ्याशी मोकळं बोलू लागल्या. दुपारी धान्य निवडताना आपल्या नव्या नवरीपणाच्या गोष्टी सांगत. तेव्हा घरात संडास नव्हता. बायकांनी उजाडायच्या आत ओढ्याकडं जायचं, सासूबरोबर जायचं आणि तिच्याबरोबरच परत यायचं. "म्हातारीचं झालं की ती उठायची. माझं झालं असू दे, नसू दे, मागनं निघायचं. मग दिसभर दाबून धरायचं. तवाची खोड हाय ही पोटाची." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुला मी कशाला तसं वागवीन? तू मला मालूपरीस जवळची."

मालू म्हणजे त्यांची लेक, माझी नणंद. माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती. आक्कांचा तो हात पाठीवर पडला आणि मला वाटलं, आता आपल्याला काही कमी नाही. कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी त्यांच्यासाठी विहिरीतही उडी मारली असती.

पर्युषण लागलं. मालूताई इचलकरंजीहून राहायला आल्या. मी आक्कांना हळूच विचारलं, "पर्वात तरी पुडी बंद करायची ना?"

"करू की," त्या म्हणाल्या. "पर्व पार पडू दे, मग एकदम बंद. मदीच पोट अडलं तर बस्तीत हुभं कसं ऱ्हायचं?"

मला ते मनाला बरं वाटलं नाही. मीही त्याच धर्मात वाढले होते. पण मागणाऱ्या त्या होत्या, दुखत त्यांचं होतं, आणि नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

क्षमावाणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी आमच्यात लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल, तर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं आणि मन मोकळं करायचं. घरात माताजींच्या आहारासाठी चौका लावायचा होता, म्हणजे सोवळ्यातला वेगळा स्वयंपाक. त्याच्या गडबडीत मी परसातल्या मोरीपाशी तांब्या ठेवून पुडी फोडली, आणि मागून मालूताईंचा आवाज आला.

"काय घालतीस गं आईच्या पाण्यात?"

त्यांनी पुडी माझ्या हातातून काढून घेतली. उजेडाकडं धरून वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. त्या तडक माजघरात गेल्या. आक्का पांढरं लुगडं नेसून जपाला बसल्या होत्या. मी मागं धावले.

"आई, ह्यात जिवंत जंतू असत्यात. लिव्हलंय ह्याच्यावर. ही तुला रोज पाजतीय हे!"

आक्कांनी पुडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. जपमाळ त्यांच्या बोटांत तशीच थांबली होती. मी वाट बघत होते. मला खात्री होती, त्या म्हणतील, मालू, बस जरा, सांगते.

"हे काय गं, त्रिशला?" आक्का म्हणाल्या.

एवढंच. मी दाराकडं बघितलं. श्रेणिक तिथं उभा होता.

"तुला ठाव हुतं का रे?" मालूताईंनी विचारलं.

"मला काय ठाव, औषधपाण्याचं ती बघती," तो म्हणाला आणि अंघोळीला निघून गेला.

मालूताईंनी ती पुडी तशीच बस्तीत नेली. आईचं व्रत शुद्ध व्हायला हवं, म्हणून माताजींच्या कानांवर घालायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. सगळा समाज जमलेला. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पुढं पाटावर माताजी. मालूताईंनी उभं राहून सगळं सांगितलं. बायकांत कुजबूज उठली. कुसूमकाकी मान वळवून माझ्याकडं बघू लागल्या, मग आक्कांकडं.

माताजी शांत होत्या. "औषध म्हणून पोटात गेलं, तेही अजाणता," त्या म्हणाल्या. "एक उपवास करा, जप करा. व्रताला त्यानं बाध येत नाही."

"आणि जाणून घेतलं असंल तर, माताजी?" कुसूमकाकींनी विचारलं.

"तरी बोभाटा करण्यासारखं काही नाही. शरीर आहे, दुखतं. माणूस कच्चं पडतं. पण मग व्रत मी आज दिलं नसतं. म्हटलं असतं, मन तयार होऊ दे, पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी! म्हणजे एवढंच होतं. आक्कांनी तोंड उघडलं असतं, तर कुणी त्यांना वाळीत टाकणार नव्हतं, माताजी रागावणार नव्हत्या. एक वर्ष थांबायचं आणि कुसूमकाकींचं 'बाळ' आणखी वर्षभर ऐकून घ्यायचं.

माताजी माझ्याकडं वळल्या. त्यांच्या नजरेत जरब नव्हती. "बेटी, सासूबाईंना सांगितलं होतंस का, यात काय आहे ते?"

सगळी बस्ती माझ्या तोंडाकडं बघत होती. हो म्हटलं असतं तर आक्कांचं व्रत गेलं असतं. नाही म्हटलं असतं तर मी गेले असते. मी आक्कांकडं बघितलं.

"माताजी, ते आक्कांनाच विचारा," मी म्हटलं.

मी त्यांच्यावर सोपवलं. त्यांना ते दाराआडचं बोलणं आठवेल, पाठीवरचा तो हात आठवेल, असं मला वाटलं. खुळी होते मी.

आक्का उठल्या. हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं पाणी होतं. "ल्हान हाय ती, माताजी," त्या म्हणाल्या. "माज्या भल्यासाठनंच केलं असंल. चुकली. आज क्षमावाणी हाय. मी तिला क्षमा केली."

"धन्य गं बाई," कुणीतरी मागून म्हणालं. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. माताजींनी आक्कांकडं जरा जास्त वेळ बघितलं, असं मला वाटलं. मग "तुमचं मन तुम्हाला ठाऊक," म्हणून त्यांनी आशीर्वादासाठी मोरपिसांची पिंछी उचलली.

"माग की क्षमा, हुबी काय ऱ्हायलीस," मालूताईंनी मला कोपरानं ढोसलं.

मी आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. जे मी केलं नव्हतं त्याची क्षमा, जिनं केलं होतं तिच्याकडं, साऱ्या गावासमोर मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "उत्तम क्षमा" म्हणाल्या. मग त्यांनी व्रत घेतलं. मी खांबाला टेकून ते बघितलं. राग येत होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, कसली ते मला आजही नीट सांगता येत नाही.

घरी आल्यावर मालूताईंनी मला उंबऱ्यातच अडवलं. "चौक्यात पाऊल टाकायचं न्हाई. पानी पन भरायचं न्हाई तू." मी परसात जाऊन बसले. श्रेणिक तिकडून जाताना थबकला.

"तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं.

"सगळ्यांसमोर आईला खोटी पाडू? चार दिवसांत इसरत्यात लोक."

"आणि मी?"

"तुला काय झालंय? क्षमा केली की तिनं," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हे सगळ्यात वाईट.

दुपारी आक्का गावात निघाल्या. घरोघर जाऊन हात जोडायची त्यांची दरवर्षीची रीत होती. बांधावरून ज्यांच्याशी उभा दावा होता त्यांच्या दारात गेल्या. मोलकरणीची क्षमा मागितली. कुसूमकाकींना तर त्या मिठीच मारून आल्या. उन्हं कलल्यावर परसात आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. मग मागं वळून कुणी नाही ना ते बघितलं.

"मनाला लावून घिऊ नगं," त्या म्हणाल्या. "माजं नाव गेलं असतं. तुजं काय, तू अजून ल्हान."

त्या जराशा माझ्याकडं सरकल्या.

"खोक्यात ऱ्हायल्यात का गं अजून पुड्या?"

मी चमकून बघितलं. "आक्का, आज व्रत घेतलंत तुम्ही."

"व्हय की. पर पोट तर त्येच हाय न्हवं?" त्यांचा आवाज दाराआडून आला होता तसा बारीक झाला. "पुन्यांदा त्ये दुकनं मला सोसायचं न्हाई, त्रिशला. आनि आता तुज्या नावावर झालंयच की. कुणाला कळलं तरी नवं काय व्हनार न्हाई."

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"आक्का," मी म्हटलं, "आज साऱ्या गावाची क्षमा मागून आलात. माझी राहिली."

त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले. जोडले जाणार, असं मला वाटलं. पण त्या हातांनी त्यांनी पदर सारखा केला.

"सासूनं सुनंची मागितली तर लोक इचारतील, कशापायी."

"इथं कोण आहे ऐकायला?"

"मी हाय न्हवं," आक्का म्हणाल्या. आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी उकळून निववलं, पुडी ढवळली आणि तांब्या त्यांना दिला. त्या डोळे मिटून प्यायल्या आणि रिकामा तांब्या माझ्याकडं न बघता पुढं केला. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांना पुड्या आणून देत राहिले आणि माझ्या नावावर घेत राहिले. त्या गेल्या तेव्हा बस्तीत शोकसभा झाली. व्रतात विघ्न आणणाऱ्या सुनेलाही या माउलीनं भरसभेत क्षमा केली होती, असं एकानं उठून सांगितलं. सगळे माझ्याकडं वळून बघू लागले, आणि मी रीतीप्रमाणं हात जोडले. दरवर्षी क्षमावाणीला मीही घरोघर जाते, सगळ्यांची मागते, सगळ्यांना देते. आक्कांना मी अजून क्षमा केलेली नाही.